बांगडीवाल्याचं झाड

जब्बारचा फोन आला तेव्हा मी दोडक्याच्या शिरा काढत होते. जब्बार म्हणजे माझा चुलतभाऊ. मूलच्या बाजारात त्याचं बांगड्यांचं दुकान आहे आणि तो फोन करतो तो फक्त लग्नाला किंवा मयतीला. म्हणून मी आधीच विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाई गेलं, आपा. धानोऱ्याकडून गोंड लोक आले होते दुकानात. बडे अब्बांच्या झाडाचं काय करायचं म्हणून विचारून राह्यले."

"कुठलं झाड?"

"तेच तं मले समजून नाई राह्यलं."

मलाही समजेना. बडे अब्बा म्हणजे माझे वडील, ते बांगडीवाले होते. मूलहून सायकलला पेटी बांधून सावली, गडचिरोली करत ते धानोऱ्याच्या जंगलातल्या गावांपर्यंत जायचे आणि आठ-दहा दिवसांनी परत यायचे. त्यांच्या नावावर मूलचं दोन खोल्यांचं घर होतं, तेही त्यांच्या आजारपणात विकलं. जमीन कधीच नव्हती, मग झाड कुठून येणार? त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली, आणि त्याआधी चार वर्षं लकव्यानं ते खाटेवर होते. वीस वर्षांनी कुणी त्यांच्या झाडाची विचारपूस करत येतं, याला काय म्हणावं!

"मोह पडून राह्यला, शुक्रवारी गावाची सभा आहे, त्यायची पोरगी असन तं तिले पाठवा, असं सांगून गेले," जब्बार म्हणाला.

टेलिफोन खात्यात तीस वर्षं मी दुसऱ्यांचे निरोप जोडून देण्यात घालवली, आणि माझ्या घरचा निरोप यायला वीस वर्षं लागली. रात्री नवऱ्याला विचारलं, "वरणभात करता येतो ना?" ते म्हणाले, येतो. मी निघाले.

परत आल्यावर आमच्या पुण्याच्या सोसायटीतल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला, वाघ दिसला का? दुसरा विचारला, लाल मुंग्यांची चटणी खाल्ली का? दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. तेवढ्यावर समाधान होणाऱ्यांनी इथंच थांबलं तरी चालेल.

भद्रावती, खिडकीतून

नागपूरपर्यंतची रेल्वे सगळ्यांच्या ओळखीची आहे, ती सोडून देते. नागपूरहून चंद्रपूरची एसटी धरली. भद्रावती आली आणि मी खिडकीशी सरसावून बसले. कोळशाच्या गाड्यांनी रस्त्याकडेची झाडं काळवंडलेली होती, तशीच पूर्वीही असायची. शाळेला सुट्टी असली की अब्बा कधीमधी मला इथल्या कारखान्याच्या वसाहतीत बरोबर आणायचे. एका रांगेत बंगाली, तेलुगू, पंजाबी, सगळ्या मुलखांच्या बायका हात पुढे करून बसायच्या. अब्बा मान वर न करता नुसत्या मनगटावरून बाई ओळखत. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली की म्हणत, "हात ढिला सोडा, बाई. हात तुमचा नाही, माझा समजा." मग बांगडी कशी आत सरकायची ते बाईलाही कळत नसे.

दहा मिनिटं एसटी थांबली. फलाटावर एक म्हातारी हिरव्या बांगड्या विकत होती, प्लॅस्टिकच्या. मी घेतल्या नाहीत. बांगडीवाल्याच्या पोरीनं प्लॅस्टिक घालू नये एवढा अभिमान अजून शिल्लक आहे.

मूल

चंद्रपूरला गाडी बदलून मूलला उतरले आणि भाताच्या गिरण्यांचा तो कोंड्याचा वास नाकात शिरला. मला एकदम रडू आलं. स्टँडवर उभं राहून रडण्याचं माझं वय नाही, म्हणून पदराला नाक पुसलं आणि जब्बारसमोर धुळीला शिव्या दिल्या. आमच्या घराच्या जागी आता तीन शटरचे गाळे आहेत. मधल्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त होतात. तिथं आमची चूल होती.

जब्बारच्या बायकोनं लाखोळीची डाळ केली होती, वर लाल मिरचीची फोडणी. जेवताना जब्बार दोनदा खाकरला. मग म्हणाला, "आपा, एक गोष्ट सांगू? हे लोक पहिल्यांदा नाई आले. पाच-सात वर्षांखाली एक म्हातारा आला होता. म्हणे, चाचाचा मोह लई फुलला, कोणीतरी या. मले वाटलं दारू प्यायले बोलावून राह्यला. मी त्याले हाकलून देल्लं. रमजान होता."

मला हसावं की त्याचा कान धरावा कळेना. तरी त्याचंही खोटं नव्हतं. मोहाचं नाव काढलं की आमच्याकडे माणसाला आधी दारूच आठवते. अब्बा दर चैत्रात पोतंभर वाळवलेला मोह घरी आणायचे. अम्मी तो उकडून, तीळ घालून लाडू करायची, नाहीतर लाखोळीच्या डाळीत शिजवायची, आणि दार लावून शिजवायची, कारण गल्लीत वास गेला तर लोक काय म्हणतील! मी आठवीत असताना अब्बांना ठणकावून सांगितलं होतं, "ही दारुड्यांची फुलं विकत आणत जाऊ नका. मैत्रिणी हसतात." ते म्हणाले, "बरं, बेटा." पुढच्या चैत्रात पुन्हा पोतं आलंच. विकत आणलेलं नव्हे, हे मला कुणी सांगितलं नाही.

धानोरा आणि पुढे

वैनगंगेचा पूल ओलांडला की हवा बदलते असं अब्बा म्हणायचे. मी मुद्दाम खिडकीतून हात बाहेर काढून पाहिला. एप्रिलचं ऊन होतं, हवा दोन्हीकडे सारखीच तापलेली. पण गडचिरोली मागे पडल्यावर जंगल सुरू झालं आणि मोहाचा तो गोड, किंचित आंबूस वास गाडीभर पसरला, तेव्हा मान्य केलं.

धानोऱ्याला दलसूभाऊ मोटारसायकल घेऊन उभे होते. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस, गावाच्या ग्रामसभेचा अध्यक्ष. मला पाहून "जोहार" म्हणाले आणि माझ्या मनगटांकडे बघून हसले. "चाचाचीच पोरगी. बांगड्या काचेच्या हायेत." पुढचा तासभर मी त्यांच्यामागे दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते. एका नाल्यात गाडी घसरली आणि आम्ही दोघं वाळूत बसलो. माझी एक चप्पल तुटली. दलसूभाऊंनी पळसाच्या मुळीची दोरी काढून ती दोन मिनिटांत शिवली, आणि ती पुण्यापर्यंत टिकली.

गावाचं नाव इथं लिहीत नाही. "नका लिहू, बाई," दलसूभाऊंनी सांगितलं होतं. "नाव छापून आलं का गाड्या येतात, मंग कोणी जागा मांगते." तीसेक घरं आहेत. आजूबाजूच्या जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे, म्हणजे जंगल राखायचं कसं आणि त्यातलं घ्यायचं किती हे आता गावच ठरवतं. पूर्वी मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायचे आणि तो वणवा डोंगरभर पसरायचा. गावानं ते बंद केलं. आता झाडून घेतात नाहीतर खाली जुनं लुगडं अंथरतात.

झाडाखाली

संध्याकाळी सोमारीबाई मला झाड दाखवायला घेऊन गेल्या. सत्तरीच्या, काटक, तोंडात सतत तंबाखू. गावाच्या शेवटच्या घरापासून हाकेच्या अंतरावर ते झाड होतं. बुंधा दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा. खाली फुलांचा नुसता खच पडला होता. कालची, परवाची, आठवड्यापूर्वीची, सुकलेली, सडलेली. इतर झाडांखाली मात्र एक फूल शोधून सापडत नव्हतं.

"हे कुणी वेचत नाही?"

"कोण वेचन? चाचाचं हाय."

इथली रीत मला तेव्हा कळली. गावातलं प्रत्येक मोहाचं झाड कुठल्या ना कुठल्या घराचं असतं. जमीन कुणाची का असेना, झाड ज्याला दिलं त्याचं. तो माणूस चार लोकांसमोर सोडत नाही तोवर दुसरा कुणी त्या झाडाखाली वाकत नाही.

"पण अब्बांना दिलं कुणी?"

"माह्या सासऱ्यानं." सोमारीबाई बुंध्याला टेकून बसल्या. "मी नवी नवरी होती तवा. गडीमाणसं सारी तेंदूच्या फळीवर गेलती, पानं मोजाले. इकडून वणवा आला. आमी बाया फांद्या घेऊन धावलो. चाचा इथी बसला होता बांगड्या मांडून. बांगड्या सोडल्या त्यानं, अन् ते गोधडी राहे ना त्याची, बसाची, ते भिजवली अन् झाडाभवताल आग मारत राह्यला. भुवया जळल्या त्याच्या. झाड वाचलं, बांगड्या गेल्या. सासरा आला, त्यानं पाह्यलं. म्हणाला, ज्यानं राखलं त्याचं झाड."

त्यांनी बुंध्याच्या ढोलीत हात घातला आणि काचेचा एक गोळा माझ्या हातावर ठेवला. लाल, हिरवी, पिवळी काच वितळून एकमेकींत मिसळलेली. लिंबाएवढा असेल.

ते वर्ष मला आठवत होतं. अब्बा रिकामी पेटी घेऊन आले होते आणि भुवया नसलेलं त्यांचं तोंड पाहून मी आणि माझी बहीण लोळून हसलो होतो. "चुलीत फुंकर घालायला गेलो," असं त्यांनी सांगितलं. अम्मीला म्हणाले, "सगळ्या बांगड्या खपल्या." आणि पुढं महिनाभर आम्ही नुसती कण्यांची पेज का प्यायलो हे मी कधी विचारलं नाही.

मी तिथंच बसले.  मूलचं घर गेलं, सायकल गेली, कबरीवरची पाटीसुद्धा पुसट झाली. आणि इथं, शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या परक्या रानात, माझ्या बापाचं नाव घेऊन एक आख्खं झाड उभं होतं. वीस वर्षं कुणी त्याच्या फुलाला हात लावला नव्हता. का? तर शेवटच्या वेळी अब्बा जाताना म्हणाले होते, "पुढच्या चैतात येतो." त्यावर विसंबून! आमच्या सोसायटीत एका नारळाच्या झाडावरून पार्किंगवाल्यांचं तीन वर्षं भांडण चाललं होतं, शेवटी नारळच कापला. मला या लोकांच्या भोळेपणाचं हसूही येत होतं आणि त्यांचे पायही धरावेसे वाटत होते.

"मग आत्ता पुन्हा का बोलावलंत?"

"सभेत सांगतीन," सोमारीबाई म्हणाल्या. "आता चाल. अस्वलाची वेळ झाली. फुलं पडून राह्यतात म्हणून ते रोज येते इथी, घरायपावतर."

सभा

दुसऱ्या दिवशी दुपारी गोटुलच्या पडवीत सभा बसली. गोटुल म्हणजे गावाचं सामाईक घर. पोरंपोरी तिथं नाच-गाणी शिकतात, मोठे निवाडे करतात. बाया एका बाजूला, गडी एका बाजूला. आधी सगळ्यांना कोसरीची, म्हणजे तिथल्या बारीक भरडधान्याची, आंबील दिली, मलाही द्रोणभर. आंबट, थंडगार. पुण्यात ताकाचं आम्ही जे कौतुक करतो ते या आंबिलीसमोर फुकट आहे.

दलसूभाऊंनी वही उघडली. गाव आपल्या जंगलाची यादी करत होतं. कुठलं झाड, कुठं उभं, त्याला राखणारा कोण. सगळी झाडं लिहून झाली होती, एक सोडून. "चाचाचं नाव लिहावं तं तो जिता नाई," दलसूभाऊ म्हणाले. "तुमचं लिहावं तं तुमी इथी नाई. अन् जानोले झाड नाई."

जानो कोण ते त्यांनी बोटानं दाखवलं. चाळिशीची, सडसडीत बाई. सोमारीबाईंच्या दिराची मुलगी. नवरा वारल्यावर दोन मुली घेऊन माहेरी परतली. सासरची झाडं सासरीच राहिली, माहेरची भावांच्या वाट्याला गेलेली. मोह वेचल्याशिवाय तिचं वर्ष निघत नाही, म्हणून ती कोस-दीड कोस आत, कुणाच्याच नसलेल्या झाडांकडे जाते. त्या जंगलात वाघ आहे. मागच्या मोसमात पलीकडच्या गावची एक बाई मोह वेचता वेचता गेली. जानो तिच्यापासून वीस पावलांवर होती.

हे सगळं सांगून होईपर्यंत जानोनं मान वर केली नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. कुणी मागत नव्हतं. कुणी मागितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले, आणि म्हणताना मला माझा मोठेपणा फार आवडला, "झाड अब्बांच्या नावानं राहू द्या. माझं नाव लिहा. फुलं सगळी जानोबाईंनी न्यावीत, दरवर्षी. मला एक फूल नको."

 एका म्हाताऱ्यानं नुसती चिलीम झटकली.

"असं नाई होत, बाई," दलसूभाऊ सावकाश म्हणाले. "दुसऱ्याच्या झाडाचा मोह वेचाचा तं दर साली विचारा लागते. जानो कोणाले विचारन? फोन लावन पुन्याले? वणवा आला तं तुमी येसान? झाड ज्याचं त्याले राखा लागते. पहारा द्या लागते, नवं रोप लावा लागते. मालक नाई बाई तो, चाकर असते."

"मी पाठवीन ना काय लागेल ते—"

"तुले फुलं नाई पाह्यजे," मधेच सोमारीबाई म्हणाल्या. "तुले तुहा बाप पाह्यजे."

मला असा राग आला! एवढ्या लोकांत, अशी थेट! मी उठले आणि चालती झाले. मागून कुणी थांबवलं नाही. तिथं मतदान नसतं. सगळ्यांचं एक होईपर्यंत सभा बसते, आज नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा. त्यांना घाई नव्हती. घाई होती ती मोहाला, तो अजून फार तर पंधरा दिवस पडणार होता. जानोला ते पंधरा दिवस काढायचे होते.

आतलं जंगल

पहाटे मीच जानोच्या दारात जाऊन उभी राहिले. "मला बरोबर न्या," म्हटलं. तिनं माझ्या शिवलेल्या चपलेकडे पाहिलं, मग माझ्या वयाकडे. "चाला," म्हणाली.

आम्ही पाच बायका होतो. एक जण पत्र्याचा डबा वाजवत पुढे, बाकीच्या मोठमोठ्यानं बोलत मागे. मला वाटलं गप्पा चालल्यात. नंतर कळलं, काही बोलत नव्हत्या. नुसती घरातल्या भांड्यांची, कोंबड्यांची नावं घेत होत्या. आवाज राहिला पाहिजे म्हणून.

पाऊण तास चाललो. कवठी चाफ्यासारखी फिकट पिवळी, रसानं टच्च भरलेली फुलं टपटप पडत होती. एवढं सुंदर रान मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि एवढी घाबरलेही कधी नव्हते. नाल्याच्या ओल्या वाळूत एक पाऊल होतं. मी वाकून पाहायला लागले तर जानोनं दंडाला धरून मला सरळ उभं केलं.

"वाकू नका," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती माझ्याशी एवढं बोलत होती. "उभं माणूस त्याले समजते. वाकलं का आपुन हरणावानी दिसतो. अन् मोह का उभ्यानं वेचता येते?"

मग ती वाकली. एकीनं वाकायचं, दुसरीनं पाठीशी पाठ लावून उभं राहायचं. त्या दिवशी जानोच्या पाठीशी उभी राहण्याचं काम माझ्याकडे आलं. दोन तास मी झुडपांकडे बघत उभी होते. एक पान हललं तरी मी तिच्या पाठीला पाठ आणखी घट्ट टेकवायची. माझ्या पाठीमागे फुलं टोपलीत पडण्याचा आवाज येत होता. सोळा दिवसांपासून ती रोज हे करत होती. तिच्यापासून वीस पावलांवरची बाई मागच्या मोसमात गेली होती.

मला अब्बांची आठवण येत राहिली, पण वेगळी. त्यांना जर कुणी सांगितलं असतं की तुमच्या नावाच्या झाडाखाली फुलं सडत आहेत आणि एक बाई वाघाच्या रानात वाकली आहे, तर ते काय म्हणाले असते हे मला विचारायची गरज नव्हती. माझा बाप झाडावर नाव कोरायला बसला नव्हता. आग लागली म्हणून त्यानं गोधडी भिजवली, एवढंच. त्याला मी झाडाला बांधून ठेवायला निघाले होते. सोमारीबाईंचं बरोबर होतं आणि म्हणूनच ते झोंबलं होतं.

परतताना मी जानोला म्हणाले, "उद्या पुन्हा इकडे येऊ नका." तिनं टोपली डोक्यावर नीट केली आणि डबा वाजवणाऱ्या बाईला म्हणाली, "मोज वो, पाची आहोत का?"

सोडणं

त्याच संध्याकाळी मी दलसूभाऊंना झाड सोडते म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव झाडाखाली जमलं. समारंभ म्हणावा असं काही नव्हतं. सोमारीबाईंनी मला सिंदीचा झाडू दिला. जुनी, सडकी फुलं मी झाडून काढली. कंबर धरली तेव्हा बाया हसल्या. "पुन्यात झाडत नाई वाटते," सोमारीबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "पुण्यात मशीन आहे." "मशीनले वाकता येते काय?" त्यांनी विचारलं, आणि गावभर पुन्हा हसू पसरलं. राग कुठच्या कुठे गेला होता. त्या बाईशी राग धरून बसणं मला जमलंच नसतं.

नुकती पडलेली फुलं ओंजळीत घेतली. पहिली ओंजळ बुंध्याशी ठेवायची होती. ती ठेवताना मी मनातल्या मनात अब्बांसाठी फातिहा पढले. माझे ओठ हलताना दिसले तशी सगळी माणसं आपोआप गप्प झाली, आणि संपेपर्यंत गप्प राहिली. दुसरी ओंजळ जानोच्या टोपलीत टाकायची आणि मोठ्यानं बोलायचं होतं. काय बोलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

"माझ्या बापाचं झाड मी सोडलं," मी म्हणाले. "आजपासून जानोबाईंचं. त्या राखतील." 

दलसूभाऊंनी वहीत लिहिलं. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. गाव आपापल्या कामाला पांगलं. जानोच्या दोन्ही मुली लुगडं घेऊन आल्या आणि झाडाखाली अंथरू लागल्या. जानो वाकून वेचायला लागली होती. पाठीशी कुणी उभं नव्हतं, आणि ती मागे वळून बघतही नव्हती.

निघायची वेळ झाली. दलसूभाऊ गाडी चालू करून थांबले होते. मी शेवटचं एकदा वर पाहिलं, बुंध्यावर तळहात ठेवला. तेवढ्यात पायाशी एक फूल टपकन पडलं. सोबत न्यावं म्हणून मी वाकले.

"बाई," जानो मागून म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "विचारून घ्या."

माझा हात तसाच राहिला. मग मी सरळ उभी राहिले आणि विचारलं, "जानोबाई, एक फूल घेऊ काय?"

तिनं लगेच हो म्हटलं नाही. आधी झाडाकडे पाहिलं, मग टोपलीकडे, मग अंथरलेल्या लुगड्याकडे.

"घ्या," ती म्हणाली, आणि पुन्हा वेचू लागली.